‘मी’ म्हणजे कोण?

आमच्या काकांचं दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न येतो, "कोण?" त्यावर "मी" हे उत्तर चालत नाही. "मी तर सगळेच असतात," म्हणून ते खुशाल बसून राहतात. काकू जड पिशव्या घेऊन जिन्यात उभी असली तरी तिलाही पूर्ण नाव सांगावं लागतं. यावरून तिने कितीदा आकाशपाताळ एक केलं, पण काका ढिम्म.

काका आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतात. काकू तिथेच स्टोअरमध्ये आहे, सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्या तिच्याकडे. मी चौकशीच्या खिडकीत.

मध्यंतरी कुणा महाभागाने वेटिंग रूमच्या भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटला आपला लॅपटॉप जोडला आणि आरामात सिनेमा बघितला. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे कुणीही यावं आणि घरात शिरावं?" त्यांनी ठरवलं, यापुढे प्रत्येक सॉकेट आधी विचारणार, कोण? मजल्यावरच्या सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात तो स्विच हा प्रश्न विचारणार, तळघरातल्या सर्व्हरकडून खातरजमा करणार, मगच आत घेणार. प्रिंटर बिचारा मुका. त्याची ओळख काका सर्व्हरला आधीच सांगून ठेवणार. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण बजावलं, "चाचणी जेवणाच्या सुट्टीत. दुपारी एकही पेशंट खोळंबला तर हे प्रकरण कायमचं बंद." काकांनी या कामासाठी रक्ताचं पाणी केलं होतं. मलाच धाकधूक होत होती.

सुट्टी झाली. काकांनी आपल्या टेबलावर बसून कॉम्प्युटरवरूनच स्विचच्या सगळ्या पोर्टना, म्हणजे वायरी खोचायच्या खाचांना, दणादण कुलपं लावली. सगळ्या म्हणजे सगळ्या. सर्व्हरकडे जाणारी वायर जिथे होती, त्या पोर्टलासुद्धा! आता स्विच सर्व्हरलाच विचारू लागला, कोण? आणि खातरजमेला रस्ताच उरला नाही. अख्खा मजला ठप्प, काकांचा कॉम्प्युटरसुद्धा. काका स्विचच्या खोलीकडे धावले, तर दारावरचं कार्डाचं यंत्रही त्याच स्विचवर. तेही बंद.

काकांनी स्टोअरची खिडकी ठोठावली. मी मागेच होते.

"कोण?" आतून काकू.

"अगं, मी!"

"मी तर सगळेच असतात."

काकांनी निमूटपणे पूर्ण नाव सांगितलं.

"ओळखपत्र?"

नियम काकांचाच होता: "ओळखपत्राशिवाय किल्ली नाही, मी स्वतः आलो तरी." आणि ओळखपत्र होतं कोटाच्या खिशात, कोट स्विचच्या खोलीत. मला हसू फुटणार होतं, पण काकांचा रडवेला चेहरा बघून मी ते आवरलं. बाहेर दुपारचे पेशंट जमू लागले होते.

खिडकी उघडली. "तुमचा प्रिंटर झालाय," काकू म्हणाली. "स्वतःची ओळख पटवता येत नाही. नशीब, मी आधीपासून ओळखते." आणि तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

काकांनी स्विचच्या खोलीत शिरून आपला लॅपटॉप थेट स्विचला जोडला आणि सर्व्हरच्या त्या एका पोर्टचं कुलूप काढलं. मी धापा टाकत खिडकीत येऊन बसले, तोवर माझा कॉम्प्युटर सुरू झाला होता. पहिल्या आजोबांना मी इतक्या आनंदाने नाव विचारलं की ते जरा बिचकलेच. कुणीही खोळंबलं नाही. बाकीची कुलपं तशीच राहिली.

संध्याकाळी मी काकूबरोबर त्यांच्या घरी गेले. तिने दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

आता वेळ लागणार म्हणून मी सवयीने पिशव्या जिन्यात टेकवल्या. दार लगेच उघडलं.