मामांचं ऊर

देवाच्या खालोखाल जगाची सगळी जबाबदारी आपल्याच माथी आहे असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आईचा चुलत भाऊ. तंजावरजवळच्या पापनाशमच्या पलीकडे एका टीचभर ग्रामपंचायतीचे मामा अध्यक्ष होते. मधून एक कालवा, दोन्ही काठांना एकेक आळी, एक देऊळ आणि बाकी सगळी भातशेती, एवढंच ते गाव. रस्त्यावरचे दिवे, नळ आणि गटारं यापलीकडे कारभार नाही, पण मामांच्या तोंडून तो ऐकताना मोठं राज्य चालल्याचा भास होई. गावच्या बसमधून जाताना आपल्या हद्दीतल्या प्रत्येक खड्ड्याला ते जागेवरून उठत आणि हात जोडून उतारूंची माफी मागत. हद्द संपली की मात्र आरामात टेकून बसत. पुढचे धक्के खाताना त्यांचा चेहरा खुलत जाई. "हे खालच्या टाउन पंचायतीचं काम. आमचं नाही," असं ते शेजारच्या माणसाला न विचारता सांगत.

त्यांच्या भूगोलात पूर्व-पश्चिम नव्हती. कालव्याचं पाणी येतं तिकडे 'वर' आणि जातं तिकडे 'खाली', बस्स. केळीच्या पानावर बसले तरी वाढणाऱ्याला "चटणी वर, भाजी खाली" असा हुकूम सुटे, आणि तो बिचारा पानाभोवती फेऱ्या मारी. एकदा तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या घरी आले, तर जेवणानंतर आडवे होईनात. "पाणी कुठनं येते तेच कळ्ळं नाही, मग पाय कुठं करू रे?" मी गच्चीवरची टाकी दाखवली. तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "असलं कसलं हो तुमचं शहर!" आणि भिंतीला टेकून बसूनच पेंगले.

माझी बायको पुण्याची, त्यात डॉक्टर. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मामांचा फोन आला, "सूनबाई, ऊरात पाणी आलं! अस्कं ऊर भरलं बघा!" एवढं ओरडून त्यांनी फोन ठेवून दिला. ही घाबरून स्टेथोस्कोप घेऊन बसनं धावली. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून कालव्यात फुलं सोडत होते. आमच्या तंजावरी बोलण्यात 'अस्कं' म्हणजे सगळं आणि तमिळमधलं 'ऊर' म्हणजे गाव, हे तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. आलीच आहे म्हणून तिनं त्यांची छाती तपासली. "कुठलं पण ऊर बघा, दोन्ही माझीच," मामा म्हणाले. तेव्हापासून भेट झाली की ती मुद्दाम विचारी, "मामा, ऊर कसं हाय?" मग कुठला दिवा गेला नि कुठला नळ गळतो, हे सगळं तिला ऐकून घ्यावं लागे.

मग गाव खालच्या टाउन पंचायतीत विलीन करायचं ठरलं. ग्रामसभेला मीही गेलो होतो. कर किती वाढेल, रोजगार हमीची कामं जातील का, असं लोक विचारत होते. मामांचा मुद्दा एकच. "पाणी आमच्याकडनं त्यांच्याकडं जाते. वरचं ऊर खालच्यात कसं मिसळंल, सांगा!" टाळ्या पडल्या, अधिकारीही हसले, आणि यथावकाश हुकूम आला. गावाचा एक वॉर्ड झाला. कचेरीवरची पाटी पुसली गेली आणि मामा नुसते मामा उरले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याबरोबर पापनाशमहून त्याच बसनं निघालो. जुन्या हद्दीत शिरताच बस खड्ड्यात आदळली. सवयीनं चारदोन माणसांनी मामांकडे पाहिलं. मामा उठले नाहीत. बायकोनं जरा वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "मामा, ऊर कसं हाय?"

"पाणी आलं, सूनबाई," ते म्हणाले आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाहेर कालवा कोरडा होता.