शेवटून रंगवणारा मामा

आमचा पेंटरमामा दुकानांचे इंग्रजी बोर्ड रंगवायचा, आणि इंग्रजी त्याला औषधालाही येत नव्हतं. अक्षर मात्र असं काढायचा की छापखान्यानं तोंडात बोट घालावं.

संशयी तो जन्मापासून नव्हता. त्याला बिघडवलं अनेकवचनानं. धारवाल्याच्या बोर्डावर त्यानं चाकूच्या स्पेलिंगला सरळ एस जोडला, तर बाजारानं दात काढले. म्हणे एफ उडवून तिथं व्ही घालायचा! पुढं खोक्यांना ईएस निघालं. मेंढ्यांना तर काहीच नाही.

"एक मेंढी काय, कळप काय, स्पेलिंग तेच? कुणीतरी लबाडी करतंय," मामा म्हणाला.

तेव्हापासून एक शब्द तो तिघांना विचारायचा. उत्तरं जुळली की त्याला वाटायचं, तिघं आतून मिळालेत. मामी वैतागायची, "उद्या माझ्या चहालाही साक्षीदार आणाल!"

आणि बोर्ड तो शेवटून रंगवायचा. शेवटचं अक्षर आधी, मग मागं मागं सरकत पहिलं. म्हणायचा, "तोंड कुणी विसरत नाही, चेंगरतं ते शेपूट."

सायकलवाले दोघे भाऊ बापामागं दुकान चालवत होते. दोघं मिळून आले आणि बोर्ड सांगून गेले: आडनाव, पुढं ब्रदर्स. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला एकटाच आला, तोही चहाची किटली घेऊन. ज्यानं कधी कुणाला पाणी विचारलं नाही, त्याचा चहा बघून मामाचे कान टवकारले.

"धाकटा कुठंय?"

"सासुरवाडीला. परवा येईल. मामा, तेवढा शेवटचा एस गाळा."

"का बरं?"

"जागा पुरायची नाही हो. नुसतं ब्रदर सुटसुटीत दिसतं. आणि आजच चढवू."

मामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकदा बोर्ड चढला की हा गावाला बोट करून दाखवणार: वाचा, दुकान एकाच भावाचं आहे. धाकटा आला की बसेल पायरीवर.

मामानं पत्र्यावरचं पोतं उचललं. सगळा पत्रा कोरा. फक्त उजव्या कडेला लालभडक एस वाळत पडलेला.

"ह्याला तर पुरली जागा. बाकीच्यांचं काय ते बोला."

थोरल्याचा चेहरा उतरला. "पुसता येईल की..."

"न यायला काय झालं! टर्पेंटाइन आहे, चिंधी आहे. परवा धाकट्याच्याच हातानं पुसून घेऊ."

"नको, राहू द्या," म्हणत थोरला गेला, तो किटली तिथंच टाकून.

बोर्ड धाकटा आल्यावरच चढला, एससकट. मामा त्याला काही बोलला नाही. पण पुढं कितीतरी दिवस दुकानावरून जाताना मान वर करून बघायचा, शेपूट जागेवर आहे ना.

त्या चहाला त्यानं तोंड लावलं नाही. मामी प्यायली. दुपारपर्यंत मामा तिच्याकडं टक लावून बसला होता.