वाटून खाल्लेल्या गोळ्या

लैंगिक संबंधांतून होणारा परमा औषधांना का दाद देत नाही, यावरच्या संशोधनासाठी नर्स संघप्रिया कळंबोलीच्या ट्रक यार्डात ड्रायव्हर-क्लीनरांची तपासणी करते. आज क्लीनर प्रितम पुन्हा तपासणीला आलाय.

“प्रितम, गोळ्या पूर्ण घेतल्यास?”

“अर्ध्या उस्तादला, माझ्या ड्रायव्हरला दिल्या, ताई. त्यालापण तोच त्रास. आमच्यात बिडीपण अर्धी-अर्धी.”

“म्हणून जंतू मेला नाही, उलट माजलाय. आता इंजेक्शन. उस्तादला पाठव, बायकोला आण.”

“तिला कशाला? दिवस भरत आलेत तिचे.”

“म्हणूनच! तुझ्याकडून तिलाही लागण झाली असेल, तर बाळंतपणात बाळाचे डोळे जातील.”

“विचारेल ना, कुठून आणलंस? सोडून जाईल.”

“जाऊ दे. इंजेक्शन घेऊन जाऊ दे.”

प्रितमने बायकोला फोन लावला. “अगं, बाळासाठी इंजेक्शन घ्यायचंय, रिक्षाने यार्डात ये. शिव्या दे, मार, पण ये.”

पलीकडे दाराची कडी वाजली.

“निघते.”