दुसऱ्या रांगेतले अण्णा

रघुनंदन माझा धाकटा मावसभाऊ. जयनगरला आमची घरं एकाच रस्त्यावर आहेत. तो मला अक्का म्हणतो आणि ऑफिसची बस लवकर आली की घरी जाण्याआधी माझ्याकडे कॉफीला थांबतो. त्यामुळे त्याच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी त्याच्या बायकोला उशिरा कळल्या, त्यातल्या काही मला आधीपासून ठाऊक होत्या.

तो होसकोटेच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. दिवसभर पत्रा, रबर, खोकी विकणाऱ्या माणसांशी भाव करायचा. समोर बसलेला प्रत्येक जण स्वल्प खोटं बोलतो आणि आपणही बोलतो, असं तो सांगायचा; त्यात कुणाबद्दल राग नसायचा. गाण्याशी त्याचा संबंध लग्नाच्या हॉलमधल्या नादस्वरापुरता. सकाळी बायको, म्हणजे श्रीविद्या, स्तोत्रं लावायची, ती दाढी करताना त्याच्या कानावर पडायची. एवढंच.

मुलगी आश्लेषा सोळा वर्षांची असताना तिला ‘कडलेपुरी’ नावाच्या एका बँडचं वेड लागलं. चुरमुऱ्यांना आमच्याकडे कडलेपुरी म्हणतात. इथलीच पाच पोरं, स्वतः गाणी लिहायची आणि गिटार-ड्रम घेऊन कन्नडमध्ये म्हणायची. गाणारी देवश्री नावाची एक बारीकशी मुलगी होती. इंदिरानगरच्या एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता आणि अठराच्या आतल्यांना पालकाशिवाय आत सोडत नव्हते. आवाजानं आपलं डोकं उठतं म्हणून श्रीविद्यानं आधीच हात झटकले. मग रघुनंदन निघाला. कानात घालायला कापूस, एक वर्तमानपत्र आणि मध्येच भूक लागली तर म्हणून डब्यात कोडबळी, अशी त्याची तयारी होती. डबा दारावरच्या माणसानं काढून घेतला. हाताला कागदी पट्टी बांधली, तेव्हा इस्पितळात दाखल होतोय असं वाटलं, असं तो मला सांगत होता.

आत गेल्यावर आश्लेषानं त्याला एकच अट घातली: माझ्याजवळ उभं राहायचं नाही. ती पुढे गर्दीत शिरली. तो मागे, आवाजाची बटणं वर-खाली करणाऱ्या माणसाच्या टेबलाशेजारी उभा राहिला. वर्तमानपत्र वाचायला उजेड नव्हता. ड्रम सुरू झाले तेव्हा आवाज कानाच्या आधी छातीत आला. कापूस घालूनही उपयोग नव्हता, म्हणून त्यानं तो काढून खिशात टाकला.

तिसरं की चौथं गाणं होतं, त्याची पहिली ओळ अशी: ‘मनेली ओंदु नुडि, बीदीली ओंदु नुडि’. घरात एक भाषा, रस्त्यात एक भाषा. आमच्यासारख्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आमचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे, कन्नड मुलखात आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड. गाणं मराठी माणसावर नव्हतंच, ते कुठल्या तरी तेलुगू बोलणाऱ्या आजीवर होतं. पण आपल्या घरातली गोष्ट एक परकी मुलगी माईकवर सांगतेय आणि तीनशे माणसं तिच्याबरोबर ती म्हणतायत, हे रघुनंदन पहिल्यांदाच ऐकत होता. आजूबाजूला पाहिलं तर कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. सगळे एकाच दिशेला बघत होते. त्या गर्दीत त्याच्याकडून कुणाला काही नको होतं, आणि त्यालाही कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. असं याआधी कधी झालं होतं, ते त्याला आठवेना.

घरी येताना रिक्षात दोघांच्याही कानात शीळ वाजत होती, त्यामुळे ती दोघं ओरडून बोलत होती. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं.

पुढे दोन वर्षं ती दोघं मिळून जात राहिली. चप्पल घालून गेलं की बोटं चेंगरतात, हे एकदा अनुभवल्यावर त्यानं बूट घालायला सुरुवात केली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तासभर नुसतं उभं राहावं लागतं, नेमका सहा फुटी माणूस आपल्याच पुढे येऊन थांबतो, आणि दिवे गेले की तो तास विसरायला होतो, हे सगळं तो शिकला. आश्लेषाही हळूहळू त्याला आपल्या शेजारी उभं राहू द्यायला लागली. गाण्यातल्या शब्दांवरून त्यांचे वाद व्हायचे. एरवी बापलेकीचं बोलणं अभ्यास आणि जेवण यापलीकडे जात नसे. श्रीविद्या म्हणायची, या दोघांना एकमेकांची ओळख करून द्यायला बाहेरची माणसं लागली.

मग आश्लेषा अठरा वर्षांची झाली आणि कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जायला लागली. पालक लागत नव्हता. ती सहज ‘बरं येते’ म्हणून निघून जायची. रघुनंदन तेव्हा घरीच राहायचा. पण काही महिन्यांनी, एका शुक्रवारी कंपनीच्या बसमधून तो वाटेतच उतरला आणि व्हाइटफिल्डच्या एका कार्यक्रमाला एकटाच गेला. घरी सांगितलं की ऑफिसात माल मोजायचा होता.

एकट्यानं जाणं त्याला अवघड गेलं. पहिल्यांदा तो भिंतीला चिकटून राहिला, जणू कुणाची तरी वाट बघतोय. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मोबाईल काढून कंपनीचे जुने निरोप वाचत बसला. पण गाणी सुरू झाल्यावर एका मुलानं त्याला जागा करून देत ‘बन्नि अंकल’, या पुढे, असं म्हटलं, आणि तो गेला. त्यानंतर जातच राहिला. नेहमी येणारी पोरं त्याला ओळखायला लागली. कुणी त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणून ठेवायचं, कुणी त्याच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायचं. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. दुसरी रांग, डावीकडचा कोपरा, ही अंकलची जागा.

कोरमंगलाच्या एका मॉलच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलं होतं आणि तो आपल्या कोपऱ्यात उभा होता. देवश्री स्टेजवर आली, तिनं त्याला पाहिलं आणि माईकवर हसून म्हणाली, “अंकल बंदिद्दारे. शुरु माडोण.” अंकल आले, चला सुरू करू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागे मैत्रिणींबरोबर आश्लेषा उभी होती.

ती कार्यक्रम अर्धा टाकून घरी गेली. रघुनंदनला हे घरी पोचल्यावर कळलं. आधी श्रीविद्यानं विचारलं, माल मोजून झाला का? मग म्हणाली, इतके दिवस आपल्याला वाटत होतं की त्याला काहीतरी आजार झालाय आणि तो तपासण्या लपवतोय. गाणी ऐकायला जातो हे कळल्यावर तिला हायसंच वाटलं होतं. पण आश्लेषा खोलीतून बाहेर आली ती रडून आलेली होती.

“शाळा तुम्ही ठरवलीत, अण्णा. कॉलेज अम्मानं ठरवलं. हे एक मी शोधून काढलं होतं. चार वर्षं मी त्यांची गाणी ऐकतेय, देवश्रीला माझा चेहरासुद्धा माहीत नाही. आणि आता तिथेही मी तुमची मुलगी.”

रघुनंदन “सरी”, म्हणजे बरं, म्हणाला आणि हात धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कॉफी पिताना त्यानं हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, पोरगी रागावली आहे, उतरेल राग. तो म्हणाला, राग उतरेल, पण ती म्हणाली ते खरं आहे. मग त्यानं जाणं बंद केलं. बंद केलं असं कुणाला सांगितलं नाही. फक्त बस आता रोज त्याला वेळेवर घरी आणायला लागली.

मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. सगळ्यांचंच जाणं थांबलं होतं, त्यामुळे त्याचं थांबणं कुणाच्या लक्षात आलं नाही. आश्लेषाला पुण्यात नोकरी लागली. तिथे आपल्या मराठीला लोक हसतात, ‘तुम्ही कुठल्या?’ असं विचारतात, हे ती फोनवर सांगायची. बँडचा विषय निघत नसे. तिची आवड बदलली होती, तशी ती या वयात बदलतेच.

परवाच्या सालातली गोष्ट. देवश्री बँड सोडून म्हैसूरला राहायला जाणार असल्याची बातमी आली. रविवारी दुपारी बसवनगुडीच्या एका मोकळ्या मैदानात तिचा शेवटचा कार्यक्रम ठरला. रघुनंदन दोन-तीन दिवस नुसता अस्वस्थ होता. मग एका संध्याकाळी माझ्याच बाल्कनीत बसून त्यानं आश्लेषाला फोन लावला.

“अशू, एक विचारायचं होतं. देवश्रीचा शेवटचा कार्यक्रम आहे. मी गेलो तर तुला चालेल का?”

“तुम्ही तेव्हापासून गेलाच नाहीत?” तिनं विचारलं.

“तू नको म्हणालीस ना.”

“मी नको नव्हते म्हणाले, अण्णा.”

“मला तसं ऐकू आलं.”

ती नंतर मला म्हणाली की त्या दिवशी काय काय बोलले ते ती कधीच विसरून गेली होती. त्या वयात माणूस रोज काहीतरी बोलतं. पण आपलं एक वाक्य धरून घरातलं एक माणूस इतकी वर्षं गप्प बसलं आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, हे तिला सहन होईना. तिला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. तिनं त्याला बजावलं की जायचंच, आणि गाणी सुरू झाली की फोन लावून धरायचा, म्हणजे ती पुण्याहून ऐकेल.

तो गेला. त्याच्या कोपऱ्यात आता वेगळीच पोरं होती. जुन्यांपैकी एक मुलगी भेटली, तिच्या कडेवर लहान मूल होतं, त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते. अंकल, तुम्ही आजारी होतात का, असं तिनं विचारलं. नाही, असंच, म्हणाला तो. ऊन उतरत होतं. देवश्रीचा आवाज पहिल्यासारखा पातळ राहिला नव्हता, जरा खाली आला होता, आणि त्याला तो जास्त आवडला. त्यानं आश्लेषाला फोन लावला आणि हात उंच धरून उभा राहिला. दोन गाणी तशीच गेली. हात भरून आला की हात बदलायचा, फोन बंद तर पडला नाही ना हे बघायचं, पुढच्याचं डोकं मध्ये येतंय का ते बघायचं. दुसरं गाणं संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण त्यातला एक शब्द ऐकलेला नाही. त्यानं फोन कानाला लावला.

“येतंय का ऐकू?”

“नुसता खरखराट येतोय,” आश्लेषा म्हणाली. “फोन ठेवा, अण्णा. तुम्ही ऐका.”

“आणि तू?”

“माझं मी बघेन. तुम्ही ऐका.”

त्यानं फोन खिशात टाकला. उरलेला दीड तास तो हात मोकळे सोडून उभा होता. मला तो एवढंच म्हणाला की शेवटी देवश्री स्टेजच्या कडेला येऊन बसली तेव्हा त्याला पुढे जाऊन काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तो जागेवरच उभा राहिला. इतक्या वर्षांत जे मिळायचं होतं ते मिळून गेलं होतं.

आता कडलेपुरी बँड नाही. रघुनंदन मात्र जातो. नवीन पोरांचे बँड निघाले आहेत; त्यांची नावं मला सांगता यायची नाहीत. आश्लेषा दिवाळीला आली तेव्हा तिनं त्याला विचारलं, सध्या कोण चांगलं आहे? त्यानं दोन-तीन नावं सांगितली, ती तिनं कधी ऐकली नव्हती. ऐकून बघते म्हणाली, पण बघितलं असेल असं मला वाटत नाही. ती श्रीविद्याबरोबर चिकपेटला साड्या घ्यायला गेली, आणि तो त्या संध्याकाळी एकटाच कुठल्या तरी कार्यक्रमाला गेला. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात तो मलाही घेऊन गेला. रविवार दुपार होती, म्हणून मी गेले. माझे गुडघे लवकरच बोलायला लागले, तेव्हा त्यानं मागे एक खुर्ची शोधून दिली आणि विचारलं, “अक्का, फार मोठा आहे का आवाज?” मी म्हटलं, मोठा आहे, पण तू जा. मला गाणी काही फारशी कळली नाहीत. पोरं उड्या मारत होती, मध्येच सगळ्यांनी एकदम हात वर केले, त्यात पिकलेल्या केसांचा तोही होता. मी तिथून त्याला बघत बसले. मावशी, म्हणजे त्याची आई, असती तर तिला हे कसं सांगितलं असतं, याचा मी विचार करत होते.