मेहुण्याचा एक हंगाम

गोल्फवरून भांडण झालेलं घर संगमनेर तालुक्यात एकच असेल, आणि ते माझ्या सासरचं. त्या भांडणाचं मूळ असलेला माझा धाकटा मेहुणा हा प्रवरेच्या दोन्ही काठांवरचा सर्वांत आशावादी माणूस आहे. मी मुळात कमी बोलणारा. दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी अपराधी मला वाटतं. त्यामुळे हा माणूस मला किती आवडतो, हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. आता बोलतो.

नोकरी शोधायला तो नगरला गेला आणि तिथल्या लष्करी भागातल्या गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांच्या बॅगा वाहता वाहता स्वतःच खेळायला शिकला. आज तो व्यावसायिक गोल्फर आहे. पण मोठ्या टूरवरचा नव्हे, तिच्या खालच्या, नवोदितांच्या टूरवरचा. शहरोशहरी स्पर्धा खेळायच्या, पहिल्या दोन दिवसांत मागं पडलं की बॅग उचलून घरी यायचं, आणि हंगामाच्या शेवटी वरच्या काही जणांत नाव आलं तरच मोठ्या टूरचं दार उघडायचं. हा दोन दिवसांत परतला तरी फोनवर आवाज लग्नघरातला: "दाजी, बाहेर पडलो, पन काय खेळलो म्हनता! लई भारी!" जयपूर असो की कोलकाता, पिशवीत बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बाकीचे केळी सोलत असताना हा झाडाखाली मांडी घालून जेवतो. आता त्यातले दोघंतिघं केळी टाकून याच्या शेजारी बसतात. कुठलंही मैदान तो आधी जमीन म्हणून बघतो. "एवढं पानी, एवढी माती, आन् नुस्तं गवत! धा गाया सहज निघत्याल." एका मैदानाच्या माळ्याला शेणखताचं महत्त्व पटवण्यात तो इतका रंगला की स्वतःची खेळायची वेळ हुकता हुकता राहिली. घरी असला की कापलेल्या घासाच्या वाफ्यातून सासूबाईंच्या घमेल्यात चेंडू टाकायचा सराव. घमेल्याला पोचे पडतात आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

सासऱ्यांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "ह्यो एक हंगाम. मोठ्या टूरला गेलास तर जा. न्हाईतर काठ्या माळ्यावर आन् तू गोठ्यात."

शेवटच्या स्पर्धेत त्याची बॅग मी वाहिली, शाळेत रजा टाकून. शेवटच्या दिवशी दोनच होल उरले होते आणि मोठ्या टूरला जाणाऱ्यांच्या यादीत तो अगदी काठावर, पण आत होता. चेंडू झाडांजवळच्या उंच गवतात गेला. शेजारी गाजरगवताचं, शेतकऱ्यानं दिसेल तिथं उपटायच्या तणाचं, एक हिरवंगार रोप. मेहुणा माझ्याशी वाऱ्याबद्दल बोलत होता. बोलता बोलता हात खाली गेला आणि रोप मुळासकट वर आलं. माती झटकून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. चेंडूभोवतीचं उगवतं काही उपटायचं नसतं. त्याला दोन फटके जास्त मोजायचा दंड.

सोबतचे दोघे खेळाडू पार पलीकडच्या कडेला होते. "कुणी बघितलं नाही," मी पुटपुटलो. खरं सांगतो, मला तो गप्प बसायला हवा होता.

"तुमी बघितलं की! ताईला सांगितल्याबिगर ऱ्हानार हाय का तुमी?" असं म्हणून त्यानं ते रोप झेंड्यासारखं उंच धरलं आणि पलीकडच्यांना हाक मारली, "भाई, मेरेकू दो लगाओ!"

त्या दोन फटक्यांनी तो यादीबाहेर गेला.

घरी पोचलो तेव्हा सासरे धार काढत होते. त्यानं न थांबता सगळं सांगितलं. सासऱ्यांनी धार न थांबवता विचारलं,

"मुळासकट निघालं का?"

"व्हय आप्पा."

"फुलावर आल्तं?"

"न्हाई. फुलून बी पडायच्या आदीच उपटलं."

"मंग बरं केलंस." सासरे उठले, गायीच्या पाठीवर थाप मारली. "गोठ्याचं आनखी एक वरीस मी बघतो. पन तिथं खेळताना मोकळा हात खिशात घालून फिरत जा."

पुढचा हंगाम आता तोंडावर आलाय. स्वतःसाठी मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. मागायची लाजच वाटत आली. याच्यासाठी मात्र रोज सकाळी शाळेला निघताना, चपला घालता घालता, काहीतरी मागून घेतो. कुणाकडे ते मलाही नीटसं माहीत नाही.