सात नंबरची जागा

नारळी पौर्णिमेच्या सकाळी कृष्णकांत मोंडकर नवा सदरा घालून, हातात सोललेला नारळ घेऊन तळ्याच्या धक्क्यावर पोचला आणि त्याच्या सात नंबरच्या जागेत दुसऱ्याच कुणाची तरी निळी होडी डुलताना त्याला दिसली. आधी त्याला वाटलं, आपणच चुकून भलत्या खांबापाशी आलो. मग त्याने खांबावरचा आकडा वाचला. आकडा सातच होता. आणि त्याचं डोकं फिरलं.

ते फिरायला तसा फारसा वेळ लागत नसे. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि तिथले बडे डॉक्टरही त्याच्या वर्कशॉपमध्ये जपून पाऊल टाकत. मूळ गाव देवगड. निवृत्त झाल्यावर बायको विनयाला वाटलं, आता माणूस घरात शांत बसेल. त्याने गॅरेजात दीड वर्ष खपून एक शिडाची होडी बांधली, तिच्यावर थोरल्या भावाचं नाव रंगवलं, ‘श्रीनिवास’, आणि पंचकुल्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका क्लबचं तळं होतं तिथे भाड्याने जागा घेतली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत त्याने एक नेम मोडला नाही. आषाढ लागला की होडी पाण्यातून वर काढायची, ताडपत्रीने शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पुन्हा पाण्यात घालायची नाही. क्लबातले सगळे पोट धरून हसत. इथे उन्हाळ्यात तळं आटतं आणि पाऊस पडला की काठोकाठ भरतं, म्हणजे बाकीच्यांची खरी मजा सुरू होते तेव्हाच मोंडकर होडी काठावर काढून बसतो! ‘मोंडकरजी, ये समंदर थोड़े ही है,’ असं जो तो सांगे. कृष्णकांत चौदा वर्षांचा असताना देवगडात मासेमारीच्या एका होडीच्या मालकाने हावरेपणाने पौर्णिमेआधी आठ दिवस होडी समुद्रात लोटली होती. श्रीनिवास तिच्यावर होता. होडीच्या फळ्या चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागल्या, श्रीनिवास लागला नाही. हे सगळं हसणाऱ्यांना सांगत बसायची त्याला गरज वाटली नाही.

त्याने ते एकालाच सांगितलं होतं.

नारळ तसाच हातात धरून तो ऑफिसात शिरला. मागोमाग गाडी लावून आलेली त्याची मुलगी नेत्रा धावली. सेक्रेटरी ग्रेवाल मनगटावर चार राख्या बांधून बर्फी खात बसला होता.

“सात नंबर में किसकी बोट है?”

“बैठिए तो सही, मोंडकरजी. बर्फी लीजिए.”

“बर्फी राहू दे. किसकी है?”

ग्रेवालने हात पुसले आणि फेब्रुवारीत झालेला नियम काढून दाखवला. तीस दिवस जागा सलग रिकामी राहिली, तर मालकाने ती सोडली असं धरायचं. नियम कृष्णकांतला ठाऊक होता. नोटीस आली त्याच दिवशी तो याच खुर्चीसमोर उभा राहिला होता, आणि याच ग्रेवालने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ‘आपके लिए थोड़े ही है जी! पक्का!’

“तुमने पक्का बोला था.”

“बोला था जी. लिखकर तो नहीं दिया था.” ग्रेवालला थोडी लाज वाटली असावी, कारण त्याने लगेच एक छापील फॉर्म पुढे सरकवला. जागा चुकून रिकामी राहिली असं लिहून द्या, कमिटी निळ्या होडीवाल्याला दुसरीकडे हलवेल. “मैं भी क्या करूँ? सामने से ऐप्लिकेशन आ गई.”

“किसकी?”

ग्रेवालने फाइल फिरवली. अर्ज बरोबर एकतिसाव्या दिवसाचा होता. खाली सही चारुदत्त देवधरची.

चारुदत्त म्हणजे हवाई दलातला पुण्याचा अधिकारी, दोन वर्षांपूर्वी इथे बदलून आलेला. शीड कसं धरायचं, गाठ कशी मारायची, सगळं त्याला कृष्णकांतने शिकवलं होतं. गेल्या नारळी पौर्णिमेला तो घरी जेवायला होता. विनयाचा नारळीभात त्याने तीनदा मागून घेतला, आणि त्याच पानावर कृष्णकांतने त्याला श्रीनिवासची हकिगत सांगितली होती. अर्जात ती स्वच्छ इंग्रजीत टाइप केलेली होती. भाऊ बुडाल्याच्या कौटुंबिक आघातामुळे मालक दर पावसाळ्यात पंचेचाळीस दिवस होडी वापरत नाहीत, ऐन हंगामात जागा वाया जाते.

नेत्राने फॉर्म आणि पेन कृष्णकांतसमोर ठेवलं. “बाबा, साइन कर दो ना यार. एक लाइन की तो बात है.”

त्याने पेन घेतलं. ‘चुकून’ अर्थाच्या छापील इंग्रजी शब्दावर कागद फाटेपर्यंत काट मारली, वर मराठीत ‘जाणूनबुजून’ लिहिलं, सही ठोकली आणि फॉर्म बर्फीच्या डब्यावर आपटला. ग्रेवालला मराठी कळत नव्हती, पण ती काट त्याला कळली. जागा गेली ती तिथेच.

धक्क्यावर चारुदत्त आला होता. कृष्णकांतला पाहून तो हसत पुढे झाला. “काका, मी आज फोन करणारच होतो. रागावू नका. दोन वर्षांत माझी बदली होईल, मग जागा तुमचीच. रिकामीच तर होती हो.”

“माज्या भावाचा मराण तू अर्जात लिवलंस, मेल्या?”

चंदीगडात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडून मालवणी फुटली की समोरच्याने समजून जावं. चारुदत्त समजला. त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, “कारण नीट दिलं तर मंजूर होतं, म्हणून...”

कृष्णकांतने त्याला हाताने बाजूला सारलं. राग माणसांवर होता, पाण्यावर नव्हता. म्हणून त्याने धक्क्याच्या टोकाला बसून नारळ रीतसर पाण्यात सोडला आणि हात जोडले. मग उठून तो सात नंबरच्या खांबापाशी गेला. होडी लाकडावर आपटू नये म्हणून तिथे चार जुनी टायरं लटकत होती. ती त्याची होती, देवगडहून आणलेल्या काथ्याच्या दोरीने त्यानेच बांधलेली. निळी होडी त्यांच्यावरच आरामात टेकली होती. त्याने खिशातला चाकू काढला आणि एकेक दोरी कापायला सुरुवात केली.

तिसरं टायर निघालं तशी होडी धक्क्यावर धाडकन आपटली.

“काका, एवढी तरी राहू द्या ना,” चारुदत्त कळवळला. “नवी आहे हो, घासेल.”

कृष्णकांतने चौथी दोरी कापली आणि टायर खांद्यावर टाकलं.

“फुडच्या आषाढात वर काडून ठेव,” तो म्हणाला. “म्हणजे घासाची नाय.”