लिस्टवर टाका

खाजगीत एक शब्दही न बोलता संसार, नोकरी आणि सॉफ्टवेअर चालवता येतं, असं मानणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा साडू आहे. टेलिफोन खात्यात हयात घालवून त्यांचा फोनवरचा विश्वास पार उडाला. निवृत्तीनंतर नालवाडीच्या घरात बसून त्यांनी गावोगावच्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर उभं केलं. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, परत कधी यायचं, एवढंच सांगणारं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही फुकट वापरावं आणि ज्याला जमेल त्यानं दुरुस्तही करावं. काम सगळ्यांचं, तर बोलणंही सगळ्यांसमोर, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी मेलिंग लिस्ट काढली. तिच्या पत्त्यावर मेल टाकला की तो चमूतल्या प्रत्येकाला जातो आणि जगाला वाचायला कायमचा राहतो. लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणालं की सॉफ्टवेअर जरा अडकतं, तर हातातला घास तसाच ठेवून ते म्हणत, “लिस्टवर टाका. मले एकट्याले सांगून काय होते?” फोन आला तर ऐकून घेत, आणि ठेवल्याबरोबर लिस्टवर कळवत की आत्ता अमक्याशी असं असं बोलणं झालं. सासरच्या मंडळींसाठीही त्यांची वेगळी लिस्ट होती. तिच्यावर ‘प्रस्ताव: रविवारी वडाभात’ असा मेल येई, आणि शनिवारपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर आम्ही जेवायला जायचं. एकदा त्यांच्या बायकोनंच, म्हणजे माझ्या मेहुणीनं, हरकत नोंदवली होती आणि मग ती माहेरी निघून गेली होती.

माझी पत्नी गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या ‘भाऊं’ना, न विचारता या चमूत घातलं. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याची मराठी पानं मी लिहायची. मी मेल वाचायचो, त्यावर दोन-दोन दिवस घालवायचो आणि चार ओळी लिहायचो. त्या काळात मी जगाशी जे काही बोललो, ते त्या चार ओळींत.

घाई होती केतकीला. ही नागपूरची मुलगी नोकरी सांभाळून सॉफ्टवेअरचं सगळं अवघड काम करायची. विचारलं की लगेच उत्तर मिळावं म्हणून चॅटचा ग्रुप काढा, असं तिचं म्हणणं. साडूंनी या प्रश्नावर लिस्टवर चर्चा लावली. ती काही आठवडे चालली आणि त्यातून काहीच ठरलं नाही. मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वाचनालयांना गेली आणि हिंगणघाटकडच्या एका वाचनालयात सभासदांची नावंच दिसेनाशी झाली. केतकीनं साडूंना फोन केला. ते म्हणाले, लिस्टवर टाक. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत तिथली पुस्तकांची देवघेव बंद राहिली, आणि शिव्या केतकीनं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ती थेट नालवाडीला आली. मी व्हरांड्यात चहा घेत होतो. ती उभ्या उभ्याच साडूंना बोलली, आणि साडूंनी शांतपणे सांगितलं की हे सगळं मेलवर लिही.

“काका, तुम्ही समोर बसून राह्यले अन् मी मेल करू?”

“कर ना. बाकीच्याइलेबी समजलं पाह्यजे.”

तिनं खरोखरच लॅपटॉप उघडला. साडू आतल्या खोलीत जाऊन बसले. एकाच घरात भिंतीच्या दोन्ही बाजूंनी भांडण सुरू झालं, आणि त्याची प्रत्येक फैर मधे बसलेल्या माझ्या खिशात थरथरत होती. मेहुणी दोन्हीकडे चहा पोचवत होती आणि कोणाकडेच बघत नव्हती. शेवटी केतकीचा मेल आला: चॅट का नको, याचं खरं कारण आज कळलं नाही तर मी काम सोडते. ती सोडून गेली तर पुढची आवृत्ती निघणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी फोन हातात धरून बसलो.

मग उत्तराऐवजी साडूच बाहेर आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तिला खुणेनं मागच्या अंगणात बोलावलं. पण जन्मभर खराब लाईनवर ओरडलेला तो गळा. त्यांची कुजबुज व्हरांड्यापर्यंत स्वच्छ येत होती.

“ताई गेली तवापासून भाऊ कोनाशी बोलत नाई. मेलले तेवढं उत्तर देते. चॅटवर त्याइचं एक वाक्य होईपर्यंत तुम्ही चार गोष्टी पुढं जान. मंग ते लिहिनंच सोडून देतीन.”

“मंग हे लिस्टवर काऊन नाई लिहिलं, काका?”

“कसं लिहू? भाऊबी वाचते ना लिस्ट.”

केतकी परत आली. पानं छान लिहिता तुम्ही, एवढं मला म्हणून बसस्टँडकडे निघाली. वाटेतूनच तिचा मेल आला, मागणी मागे घेते म्हणून. कारण दिलं नव्हतं. त्या मेलवर मी दोन दिवस लावले नाहीत. तिथंच बसून लिहिलं, की घाईच्या गोष्टींसाठी ग्रुप काढावा, ठरवायचं ते लिस्टवर ठरवावं, आणि ग्रुपात मलाही घ्यावं.

‘धन्यवाद’ला सुद्धा उत्तर देणाऱ्या साडूंनी माझ्या त्या मेलला आजतागायत उत्तर दिलेलं नाही. ग्रुप निघाला त्या संध्याकाळी ते सिंदी मेघेला माझ्या घरी आले, माझा फोन घेतला, त्यात चॅटचं काय ते टाकलं आणि परत दिला. ग्रुपवर केतकीचं आणि इतरांचं भराभर चाललं होतं. साडूंनी स्वतःच्या फोनवरून एक ओळ लिहिली, ‘भाऊ आले’, आणि सगळं थांबलं. मी एक वाक्य लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहायला घेतलं. बाहेर दिवेलागण झाली. साडू समोरच्या खुर्चीत बसून होते. माझं वाक्य पुरं होईपर्यंत ग्रुपवर कोणीही एक अक्षर टाकलं नाही, केतकीनंसुद्धा.